मंत्रीमहोदय, डिसेंबरात नको, पोळ्याला या

प्रति,
मा. पाणीपुरवठा व स्वच्छता मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

हिवाळी अधिवेशनासाठी दर डिसेंबरात अख्खे सरकार नागपूरला येते. त्या दिवसांत आमच्या गावचे शोषखड्डे, म्हणजे मोरीचे सांडपाणी जमिनीत मुरवायला खणलेले खड्डे, पाहायला कोणी आले, तर नाव ठेवायला जागा सापडणार नाही. बादली ओता, खड्डा गटागट पितो. तपासणीही अशाच कोरड्या दिवसांत झाली. फोटो निघाले, एमबीवर, म्हणजे कामाच्या मोजमाप पुस्तकात, नोंद झाली, बिल निघाले.

आपण मात्र पोळ्याला या.

गाव बाराशे वस्तीचे, जमीन कन्हार. ही भारी काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि ओली झाली की फुगून स्वतःच्याच भेगा बुजवते. आषाढात झड लागली की खड्डा तोंडापर्यंत भरतो, तो दसऱ्यापर्यंत उतरत नाही. मग मोरीचे पाणी जाते रस्त्यावर. गेल्या पोळ्याला सजवलेले बैल तोरणाखाली नेताना आम्ही डबक्यातून वाट काढली. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरांच्या लाकडी नंदीची चाके साबणाच्या काळ्या गाळात रुतली. त्यातल्या दोघांना त्याच आठवड्यात ताप भरला. डासांमुळेच भरला असे मी छातीठोक सांगणार नाही, पण संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून दाखवा.

नळ आला याचा आनंद आहेच. शेजारच्या काकू मात्र पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "नळ त आला, पन पानी जाईन कुठी?" जलजीवन मिशनचा हिशेब माणशी रोज 55 लिटरचा, म्हणजे आमच्या गावात 66 हजार लिटर. त्यातले दोन-तृतीयांश मोरीतून बाहेर पडते असे धरले, तरी रोज 40 हजारांहून जास्त लिटर. पाणी आणताना लिटर मोजले आणि घालवताना खड्डे मोजले, इथेच गणित चुकले.

स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात 5 हजारांपर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी 280 रुपये ठरले. आमच्या वाट्याला साधारण 3 लाख 36 हजार येतात. हे पैसे थोडे आहेत, म्हणूनच न शोषणाऱ्या खड्ड्यांत ते घालणे जिवावर येते.

मागणे साधे आहे. इस्टिमेट करण्याआधी ऐन श्रावणात जागेवर एक खड्डा खणा, रात्रभर पाण्याने भरून ठेवा, सकाळी पुन्हा भरा आणि घड्याळ लावून बघा पाणी किती उतरते. उतरत नसेल, तर तिथे शोषखड्ड्याला मंजुरीच देऊ नका. तेच पैसे बंद नालीसाठी आणि गावाच्या उताराला गिट्टीचा वाफा करण्यासाठी वापरू द्या. आधी गाळ बसायला टाकी, मग गिट्टीत लावलेली कर्दळ, पाणकणीस. पाणी गिट्टीच्या खालून, मुळांमधून सरकते, वर साचत नाही, म्हणून डासही होत नाहीत. विजेची गरज नाही. हे ज्ञान परदेशातून आणायचे नाही. 1958 पासून नागपुरातच असलेल्या नीरी या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने याच तत्त्वावर 'फायटोरिड' विकसित केले आहे. शहराचे सांडपाणी भांडेवाडीत शुद्ध होऊन कोराडीच्या वीज केंद्रापर्यंत पोहोचते. आमचे शेजारच्या संत्र्याच्या बागेपर्यंत गेले तरी पुष्कळ.

दोष आमचाही आहे. आम्ही मोरीत राख टाकतो, खरकटे टाकतो, शाम्पूच्या पुड्यासुद्धा. खड्ड्याआधी कचरा अडवणारी जाळीची टाकी दोन वर्षांत एकदाच साफ झाली, तीही माझ्या घरी लग्न होते म्हणून. वाफा केला तरी त्याची कापणी आणि टाकीतला गाळ काढणे चुकणार नाही. त्यासाठी एका माणसाची मजुरी पहिल्या दिवसापासून योजनेत धरा. बांधकामाला पैसे आणि देखभालीला श्रमदान, हा प्रयोग आम्ही करून बसलो आहोत.

मंजुरीचे परिपत्रक बदलायला आपल्याला किती दिवस लागतील ते आपण जाणता. पोळ्याला येणार असाल तर ग्रामपंचायतीला आदल्या दिवशीसुद्धा कळवू नका, नाहीतर रस्त्यावर मुरूम पडेल. पायात साधी चप्पल घाला. बादली आमच्याकडे आहे.

आपला,
काळ्या मातीच्या एका गावातला शेतकरी,
जिल्हा नागपूर