आई-बाबा, मी सायकलवर गोव्याला जातेय

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर सांगायला जाते आणि बाबांचा आवाज ऐकला की "काही नाही, सहज केला" म्हणून ठेवून देते, दिवाळीत कराडला आले तेव्हाही दोनदा ओठांवर आलेलं गिळलं, म्हणून आता लिहूनच टाकतेय. १० जानेवारीला मी पुण्याहून सायकलने निघतेय, ताम्हिणीतून खाली कोकणात आणि मग समुद्राच्या कडेकडेने पणजीपर्यंत. साधारण ६०० किलोमीटर, ९ दिवस. रजा मंजूर झालीय, परतीचं रेल्वेचं तिकीटही काढलंय. आधी विचारायला हवं होतं, कळतंय मला. पण तुम्ही नको म्हणाला असतात तर माझा पाय निघाला नसता.

दादाच्या वेळचं सगळं तुमच्या डोळ्यांपुढे येणार, म्हणून रस्ता आधी सांगते. मुंबई-गोवा हायवे माणगावला जेमतेम लागतो, पुढे श्रीवर्धन, केळशी, गुहागर असे आतले रस्ते आणि बाणकोट, दाभोळ, जयगडची खाडी फेरीबोटीने. थर्टीफर्स्टची गर्दी ओसरावी म्हणूनच ही तारीख धरली. एकटी नाहीये, ऑफिसमधल्या दोघी आहेत, एकीने हा रस्ता आधी केलाय. उजाडल्याशिवाय निघायचं नाही आणि अकरापर्यंत बरंचसं अंतर संपवायचं, कोकणात जानेवारीतही दुपारचं ऊन भाजतं ना. आई, रोज गरम जेवण आहे, आंघोळीला गरम पाणी आहे, पांघरुणं स्वच्छ असतात का हेसुद्धा मी फोन करून विचारलंय.

आणि हे अचानक डोक्यात आलेलं नाही, ऑगस्टपासून तयारी चाललीय. आधी नुसते रविवार, मग लागोपाठ दोन दिवस ७०-७० किलोमीटर, कारण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी सीटवर बसताना होते. मागच्या महिन्यात भरलेल्या बॅगा लावून कात्रज चढले तर उतारावर मागे खडखड, बघते तो कॅरियरचा एक स्क्रू अर्धा बाहेर. घराजवळ कळलं ते बरंच झालं, आता रोज निघण्याआधी सगळे स्क्रू हाताने चाचपते. थंडीत तहान लागत नाही आणि पाणी प्यायचं राहून जातं, म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट. चढाला जाकीट काढून ठेवायचं, नाहीतर आत घाम येतो आणि उतारावर तोच अंगावर गार पडतो.

बाबा, हवा भरल्यावर तुम्ही व्हॉल्व्हवर थुंकीचं बोट लावायचात आणि बुडबुडा येतोय का बघायला मला उकिडवं बसवायचात. मी अजून तसंच करते. दांड्याला टॉवेल गुंडाळून मला पुढे बसवून प्रीतिसंगमावर न्यायचात, वारा लागला की मी मान मागे टाकायचे, तुमच्या शर्टाला साबणाचा आणि थोडा ऑइलचा वास यायचा. कात्रजच्या उतारावर तो वास आला मला, खरंच आला.

आता माझं ऐका. बाबा, पहाटे पाचला फिरायला जायचं बंद, थंडीत बीपी वाढतं, ऊन वर आल्यावर जा आणि कानटोपी घालूनच. आई, रात्री त्यांचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या तू बघ, त्यांना वाकून दिसत नाही आणि शुगरमुळे लागलेलं कळतही नाही. इन्सुलिन फ्रीजच्या दारात ठेव, फ्रीजरला चिकटून नको. आणि तू माळ्यावर अजिबात चढायचं नाहीस, गुडघा सांभाळ. चिनूचं सगळं अमित आणि सासूबाई बघतायत, त्याची काळजी नको. मुक्कामाला पोचले की फोन करेन, पण मधे मधे रेंज नसते, तेव्हा पाच वाजेपर्यंत वाट बघा, मग अमितला लावा, लगेच देव पाण्यात घालून बसू नकोस.

रागावला असाल तर रागवा, पण फोन उचला.

आणि आई, डिंकाचे लाडू करशील ना? जरा लहान वळ, हँडलच्या बॅगेत मावायला हवेत.

तुमची,
बाळी