पांदणीवर गिट्टी पडली, मुरूम कधी पडणार?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

अर्जुनी मोरगावात माझे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. तालुक्यातला कोणता रस्ता कोणत्या अवस्थेत आहे, हे मला दुकानात येणाऱ्या चाकांवरून कळते. रिम वाकडी झालेली असेल तर एक गाव, चेनमध्ये नदीची रेती असेल तर दुसरे. गेल्या दोन-तीन वर्षांत मागच्या चाकाचे, फ्रीव्हीलच्या बाजूचे स्पोक तुटून येण्याचे प्रमाण फार वाढले आहे. त्याचे कारण पांदण रस्त्यांवर, म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या कच्च्या वाटांवर आहे, आणि त्याबद्दलच हे पत्र.

माझ्याकडे दोन तऱ्हेची गिऱ्हाइके येतात. दिवाळी झाली, धानाची कापणी उरकत आली की नागपूर, रायपूरकडचे सायकलवाले दिसू लागतात. वाकड्या हँडलच्या, चाळीस मिलिमीटर रुंद टायरच्या 'ग्रॅव्हल' सायकली. एकेकीची किंमत ऐकून आमचे शेतकरी आधी हसतात, मग पुन्हा विचारतात. काहीजण गोंदिया-बल्लारशा गाडीने देवलगावला किंवा अर्जुनीला उतरतात, काही कारच्या मागे सायकल बांधून येतात. त्यांना डांबरी रस्ता नको असतो. नवेगावबांधच्या तलावाची पाळ, तिथून धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे भातखाचरांमधून जाणाऱ्या पांदणी, इटियाडोह धरणाच्या नहराची, म्हणजे कालव्याची पाळ, गोठणगाव, तिबेटी कॅम्प आणि शेवटी आमच्याच तालुक्यातला प्रतापगड, असा त्यांचा दिवस असतो.

दुसरी गिऱ्हाइके म्हणजे शाळेच्या मुली. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. आमच्याकडच्या कितीतरी मुलींची शाळा त्या सायकलमुळे सुटली नाही. बस ज्या गावात जात नाही किंवा शाळेच्या वेळेला जात नाही, तिथून त्या याच पांदणीने येतात. डांबरी रस्त्याने फेरा पडतो, शिवाय ट्रक अंगावर येतात. लाखाची सायकल आणि सरकारी सायकल माझ्या दुकानात शेजारी शेजारी उलट्या उभ्या असतात, आणि दोघींना एकाच रस्त्याने मोडलेले असते.

हा भाग ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. नवेगावबांधचा तलाव कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधला. असे जुने मालगुजारी तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, आमच्या गोंदिया-भंडाऱ्यात गावोगाव आहेत. इटियाडोहचे धरण गाढवी नदीवर आहे. त्याचे पाणी नहराने आमच्याकडून भंडारा आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या शेतांपर्यंत जाते. नहराच्या पाळीवरून सायकल चालवताना एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला खाली बांध्या. डिसेंबरात बांध्यांमध्ये कापलेल्या धानाचे पुंजणे, म्हणजे ढीग उभे असतात. उभ्या धानात टाकलेली लाखोळीची डाळ तोवर वीतभर होते आणि जानेवारीत निळसर फुलते. गाढवीच्या बाजूला उतरलात की पांदण सागाच्या आणि मोहाच्या झाडांखाली शिरते. गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे, १९७२ पासूनची. रंगीत पताका, मठ, मक्याची शेती असे सगळे तिथे आहे. बाहेरचे सायकलवाले तिथे हमखास थांबतात, फक्त हंगाम त्यांचा चुकतो. थंडीत कॅम्पातली बरीच मंडळी स्वेटर विकायला शहरांत गेलेली असतात. प्रतापगडावर महाशिवरात्रीची मोठी यात्रा भरते. त्याच डोंगराला महादेवाचे भक्तही येतात आणि दर्ग्याला जाणारेही.

आता मूळ तक्रार. २०२१ मध्ये शासनाने शेत आणि पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली, रोजगार हमीला जोडून. हेतू उत्तम. पण आमच्या भागात काही ठिकाणी मातीकाम झाले, वर चाळीस मिलिमीटरची गिट्टी, म्हणजे खडी पसरली आणि काम तिथेच राहिले. विचारले की उत्तर एकच, पुढचे बिल आले नाही. वर मुरूम नाही, पाणी नाही, रोलर नाही. सुट्या गिट्टीवर सायकल चालत नाही. हँडल हातात राहत नाही, चाक बाजूला पळते, आणि मागे दप्तर किंवा लहान बहीण बसलेली असली तर सगळा भार मागच्या स्पोकवर येतो. मुली मग उतरून ढकलत नेतात. पूर्वीची नुसती मातीची पांदण पावसाळ्याचे चार महिने वाईट होती. ही गिट्टीची पांदण बाराही महिने वाईट आहे, कारण पावसात तीच गिट्टी चिखलात रुतते आणि उन्हाळ्यात पुन्हा वर तोंड काढते. बैलाचे खूर फाटतात ते वेगळेच.

यावर काही पुढारी म्हणतात, मग सिमेंटचाच रस्ता करू. मला ते पटत नाही. हा धानाचा मुलूख आहे. चिखलणीच्या दिवसांत ट्रॅक्टर लोखंडी केजव्हील, म्हणजे चिखलात चालणारी पिंजऱ्यासारखी चाके लावून एका बांधीतून दुसरीत जातात, आणि जाता जाता डांबर-सिमेंट दोन्ही सोलून काढतात. सिमेंटची कड एकदा तुटली की बाजूला वीतभर खड्डा पडतो. समोरून ट्रॅक्टर आला तर सायकलवाल्याने उतरायचे कुठे? मुरमाचा रस्ता खराब झाला तर गावातला कोणीही एक ट्रॉली मुरूम आणून तो नीट करू शकतो. सिमेंटचा खराब झाला तर निविदेची वाट पाहायची. नाल्यावरच्या रपट्याला, म्हणजे ठेंगण्या फरशी पुलाला, गावाच्या तोंडाशी, चढावर सिमेंट हवेच, ते जरूर घाला. बाकी ठिकाणी गिट्टीवर चांगला मुरूम, भरपूर पाणी, रोलर, मध्ये थोडा उंचवटा, बाजूला नाली आणि जिथे पाणी आडवे जाते तिथे पाइप टाकून मोरी. एवढे झाले की त्या रस्त्याने धानाची गाडीही जाते, मुलीही जातात आणि नागपूरचे पाहुणेही. त्यांना वेगळा 'ग्रॅव्हल मार्ग' बांधून द्यायची गरज नाही.

काट्यांचे मात्र काही करता येणार नाही. शेताला बोरीच्या काट्यांचे कुंपण असते. बोरीचा काटा जोडीने येतो, एक सरळ आणि एक आकड्यासारखा वाकडा. सरळ आत शिरतो, वाकडा त्याला बाहेर येऊ देत नाही. ट्यूबलेस टायरमध्ये ते पांढरे औषध भरलेले असते म्हणून बाहेरचे सायकलवाले निभावून नेतात. तरी मी सांगतो, काटा दिसला की लगेच उपटू नका, घरी जाऊन काढा. पातळ टायर फुगवून टणक करून येणाऱ्यांची संध्याकाळ माझ्या दुकानातच जाते. अशांच्या बारीक तोंडाच्या व्हॉल्व्हसाठी पितळी अ‍ॅडॅप्टर मी नागपूरहून आणून ठेवला आहे.

पांदणीवरच्या अतिक्रमणाचाही प्रश्न आहे. गावनकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेघेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेघेने दाखवलेला असतो. प्रत्यक्षात त्यातल्या काही पांदणी दोन्ही बाजूंच्या धुऱ्यांनी, म्हणजे शेताच्या बांधांनी खात खात बैलबंडीपुरत्याही उरलेल्या नाहीत. शेतरस्ता तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात व्हावी, असे शासनाने २०२५ मध्ये ठरवले आहे. रस्ता अडवला तर तहसीलदारांकडे जाण्याची सोय १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्यात आहेच. पण शेजाऱ्यावर अर्ज करणे गावात सोपे नसते. मोजणी होऊन ग्रामपंचायतीने स्वतःच दगड रोवले तर कोणाला कोणाशी वाईटपणा घ्यावा लागणार नाही.

बाहेरून येणाऱ्यांनाही दोन शब्द. नवेगावचे राष्ट्रीय उद्यान १९७५ चे, आणि २०१३ पासून नवेगाव-नागझिरा हा व्याघ्रप्रकल्प आहे. मोबाइलच्या नकाशावर जंगलातून जाणारी रेघ दिसली म्हणून सायकल आत घालू नका. ती वनखात्याची गस्तीची वाट असते. बाहेरच्या जंगलातूनही उजाडल्यावर निघा आणि दिवस मावळायच्या आत गावात या. मार्चच्या शेवटापासून मोह पडू लागतो. तेव्हा पहाटे झाडाखाली बायका टोपल्या घेऊन बसलेल्या असतात आणि अस्वलही त्याच फुलांसाठी आलेले असते. अशा वेळी तिकडून मागून गुपचूप सायकल नेणे म्हणजे माणसाला आणि जनावराला, दोघांनाही दचकवणे. घंटी लावा. महागड्या सायकलींना घंटी नसते, माझ्याकडे चांगल्या प्रतीची मिळते.

शेवटची विनंती नहराच्या पाळीबद्दल. रेतीचे ट्रॅक्टर जाऊ नयेत म्हणून काही ठिकाणी पाळीच्या तोंडाशी लोखंडी आडवा खांब लावला आहे. तो योग्यच आहे, जड गाड्यांनी पाळ दबते आणि नहर फुटतो. पण खांब दोन्ही बाजूंना झुडपापर्यंत टेकवल्यामुळे शाळेच्या मुली सायकल डोक्यावरून पलीकडे घेतात. संबंधितांनी एका बाजूला अडीच-तीन फूट जागा मोकळी सोडावी. ट्रॅक्टर तिथून जाणार नाही, सायकल जाईल. कामाला एक वेल्डर आणि एक सकाळ पुरे.

आपला नियमित वाचक,
एक सायकल मेकॅनिक,
अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया