कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना, गांडुळांसाठी थँक्यू

प्रिय ताई,

हे मी इथे सगळ्यांसमोर लिहितेय कारण तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणता आणि बादली उचलून पुढच्या जिन्याला लागता, बोलूच देत नाही. तुमची नात वाचून दाखवते म्हणालीये, तिला मी सांगून ठेवलंय की एकही ओळ गाळायची नाही.

मागच्या वर्षीचा मार्च आठवतोय ना तुम्हाला? मी मोठ्या हौसेने अर्धा किलो गांडुळं मागवली होती आणि प्लास्टिकच्या क्रेटमध्ये घरातला सगळा ओला कचरा एकदम ओतला, भाज्यांची देठं, लिंबाच्या साली, उरलेली आमटी, शिळा भात, वर बाजूच्या गोठ्यातलं ताजं शेण, आणि झाकण घट्ट लावून टाकलं. गांडुळं काहीही खातात असं ऐकलं होतं म्हणून. दहाव्या दिवशी झाकण उघडलं तर वास सहन होईना आणि निम्म्याहून जास्त मेलेली. मला खरंच रडायला आलं होतं, जिवंत प्राणी आणून मी मारले असं वाटत होतं. क्रेट उचलून तुमच्या गाडीत रिकामा करायला खाली आणला, तेव्हा तुम्ही थांबवलंत.

तुम्ही आधी नाक जवळ नेलंत आणि मग सरळ हात आत घातलात. वरचा थर बाजूला करून म्हणालात, "हात लावून बघा, कसं तापलंय. ताजं शेण आणि एवढा कचरा एकदम घातला की आतून तापतं, पळायला जागा नाही मिळत त्यांना." मी हात घातला, खरंच गरम होतं, बाहेर ऊन नसताना. मग म्हणालात की ही कातडीनं श्वास घेतात, अंग ओलं लागतं पण पाणी साचलं तर गुदमरतात, आणि आमटीतलं मीठ, तिखट, लिंबू त्या उघड्या कातडीला झोंबतं. मी गांडूळखतावरचे कितीतरी व्हिडिओ बघितले होते हो, सगळ्यांत काय घालायचं आणि काय नाही याच्या याद्या होत्या, पण का नाही ते मला तुमच्याकडूनच पहिल्यांदा कळलं आणि त्या दिवसानंतर मला यादी लागलीच नाही.

तुम्ही तेव्हा १५ जिने करून आला होतात आणि अजून तेवढेच बाकी होते, तरी अर्धा तास माझ्याजवळ उकिडव्या बसून एकेक जिवंत गांडूळ वेगळं केलंत. आणि रविवारी, सुट्टीच्या दिवशी, दह्याच्या रिकाम्या डब्यात ओल्या गोणपाटाचा तुकडा घालून त्यात गांडुळं घेऊन आलात, तुम्ही ज्या दुसऱ्या सोसायटीचा खताचा हौद सांभाळता तिथली. पैसे विचारले तर रागावलात.

त्या रविवारी तुम्ही जसं सांगितलंत तसंच आजपर्यंत करतेय. दुसरं कोणी सुरू करणार असेल तर त्यांच्यासाठी पण लिहिते. क्रेटला खाली आणि बाजूंना भोकं, तळाला नारळाच्या शेंड्या, त्यावर सुका पालापाचोळा आणि फाडलेला पुठ्ठा, मग १५-२० दिवस बाहेर पडून थंड झालेलं शेण, मग गांडुळं, आणि सगळ्यावर ओलं गोणपाट. पहिले चार दिवस काहीच खायला द्यायचं नाही. नंतर मूठभर, ते पण बारीक चिरून, एका कोपऱ्यात पुरून. तेवढं संपलेलं दिसलं की मगच दुसऱ्या कोपऱ्यात. मी घाई करायचे आणि तुम्ही प्रत्येक वेळी तेच सांगायचात, "त्यांना दात नाहीत ताई, आधी कुजू द्या, मऊ झालं की खातील." नंतर मी वाचलं तर तसंच आहे, कुजवणारे जे बारीक जीव असतात तेच त्यांचं बरंचसं जेवण, आणि दळायचं काम पोटातल्या वाळूच्या कणांनी होतं. म्हणून तुम्ही मूठभर माती टाकायला लावलीत आणि अंड्यांची टरफलं कुटून घालायला लावलीत. ओल किती हवी तर मूठ आवळली की एखाद-दुसरा थेंब यावा, धार नको. मला हे माप अजून कुठल्या मशीनपेक्षा खरं वाटतं.

एप्रिल-मे मध्ये पुण्यात ३८-४० च्या वर गेलं तेव्हा मला वाटलं संपलं सगळं आता परत. तुम्ही क्रेट गच्चीवरून जिन्याखालच्या सावलीत आणायला लावलात आणि दोन्ही वेळा गोणपाट भिजवायला. लाल मुंग्या आल्या तर क्रेट चार विटांवर आणि विटा पाण्याच्या ताटल्यांत. जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसात गांडुळं झाकणाला येऊन चिकटली तेव्हा मी रात्री साडेनऊला फोन केला, त्याबद्दल अजून वाईट वाटतं, दिवसभर दमून तुम्ही जेवायला बसला असाल. तुम्ही म्हणालात लाईट लावून ठेवा, उजेडाला घाबरतात, खाली जातील. सकाळी गेली होती. आणि एकदा मोहरीपेक्षा थोडे मोठे पिवळसर मणी दिसले ते मी कसली तरी अळीची अंडी समजून काढायला निघाले होते, तुम्ही तळहातावर घेऊन दाखवलंत की ही त्यांचीच कोशं, एकेकातून दोन-तीन पिल्लं निघतात. ते बघताना तुमच्या तोंडावर जे होतं ना ते मला फार आवडलं होतं, तेव्हा बोलले नाही.

जूनच्या शेवटी पहिलं खत निघालं. पाच दिवस पाणी बंद, मग उजेडात प्लास्टिकवर ढीग, गांडुळं खाली खाली जातात आणि वरून थोडं थोडं काढत जायचं. चहाच्या पावडरीसारखं दिसत होतं, आणि कुजका वास जराही नाही, पहिल्या पावसाचा वास. ज्या क्रेटपाशी नाक धरून उभी होते त्याच क्रेटमधून!

आता आमच्या मागच्या अंगणाबद्दल. बिल्डिंग बांधताना तिथे मुरूम आणि राडारोडा टाकून वर दोन इंच माती पसरलेली, टिकाव मारला तर ठण्ण आवाज यायचा. तीन वर्षं मी तिथे विकतची खतं ओतली, मोगरा पिवळाच. तुम्ही सांगितलंत खत वर फेकू नका, मुळाशी दोन मुठी मातीत मिसळा आणि वर पालापाचोळा झाका, माती उघडी ठेवू नका. झाकलं. सप्टेंबरमध्ये मिरचीची रोपं लावायला खणत होते तर खुरपं आत गेलं, नुसत्या हाताच्या जोरावर, आणि मातीच्या ढेकळात एक जाडसर, करडं गांडूळ. क्रेटमधली लालसर बारीक असतात, हे वेगळंच. मी धावत पुढे, तुम्ही गेटपाशी गाडी भरत होतात.

तुम्ही म्हणालात हे इथलंच, मातीतलं. खतवाली वरवर कचऱ्यात राहतात, त्यांना नुसत्या मातीत सोडून उपयोग नाही. हे खोल बिळं करतं, त्यातून पाणी मुरतं, मुळाला हवा जाते. "याला कोणी आणत नाही ताई, खायला असलं, ओल असली, की आपलं आपण येतं." आणि मग सांगितलंत की तुमची आई-बाबा १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून इकडे आले तेव्हा शेताच्या भेगांत हात जायचा, त्या मातीत एक गांडूळ उरलं नव्हतं असं आई सांगायची. ते बोलताना तुम्ही ते ढेकूळ हातातून खाली ठेवत नव्हतात. मला तेव्हा कळलं की तुम्ही सुट्टीच्या दिवशी दह्याचा डबा घेऊन का आला होतात.

अजून एक बोलायचंय. क्रेट सुरू व्हायच्या आधी मी तुम्हाला ओलं-सुकं एकाच पिशवीत गाठ मारून देत होते, बरीच वर्षं, आणि तुम्ही ते हाताने सोडवत होतात. एका शब्दाने कधी बोलला नाहीत. त्याबद्दल इथे सगळ्यांसमोर माफी मागते. आता आमच्या घरचा ओला कचरा खाली येतच नाही, आणि या जिन्यातली अजून चार घरं तुमच्याच पद्धतीने क्रेट चालवतायत. गांडूळखत केलं तर महापालिका मिळकत करात सवलत देते हे पण तुम्हीच सांगितलंत, ते मी कमिटीच्या मीटिंगमध्ये मांडलं तेव्हा कुठे मोठ्या हौदाचा विषय निघाला. पुण्याचा कचरा जिथे टाकत आले त्या उरळी-फुरसुंगीच्या लोकांनी आपला कचरा इतकी वर्षं सोसलाय, त्यातल्या निदान आपल्या गेटमधून जाणाऱ्या बादल्या कमी होतील. हौद झाला तर तो सांभाळायचं काम तुम्हालाच द्यावं आणि त्याचे वेगळे, पुरेसे पैसे द्यावेत असं मी लिहून दिलंय, फुकट सल्ला घेऊन नाही चालणार. अजून होकार आलेला नाही, पण मी सोडणार नाहीये.

मोगऱ्याला या वर्षी इतकी फुलं आली की सकाळी ओंजळ भरते. त्यातली तुमच्या दारावर ठेवायला पाठवते तेव्हा नको म्हणू नका.

आणि नात म्हणाली गावच्या घरामागे भावाने थोडी भाजी लावलीये. दह्याचा तोच डबा मी धुऊन ठेवला होता, त्यात ओलं गोणपाट, थोडं खत आणि गांडुळं भरून देणार आहे, झाकणाला भोकं पाडलीत. तुमची गावची गाडी शनिवारी रात्रीची आहे ना, मग मी शनिवारी संध्याकाळीच घेऊन येते, लवकर भरली तर उकाड्याने त्रास होईल त्यांना.

तुमची,
बी विंग, दुसरा मजला