ताई, तुम्ही डावा हात पुढं केलात

ताई,

नाव टाकायचं नाही म्हणून तुम्ही दोनदा बजावलंय, त्यामुळं नुसतं ताईच म्हणते. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी आणि हात जोडलेलं चित्र पाठवून भागलं असतं, पण मला ते पटेना. ज्यांनी वाचायला पाहिजे त्यांनी पण वाचावं म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या, आमच्या घरात थोडक्यात कुणालाच बोलता येत नाही.

२२ फेब्रुवारीला आबांच्या शर्टाला ते दीर्घ सेवेचं पदक लागलं. त्याला आता बारा दिवस झाले तरी रात्री झोपायच्या आधी आई एकदा कपाट उघडून बघते. पदक काय पळून जाणाराय का, पण बघते.

ज्यांना आबा माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. आबा म्हणजे माझे वडील, सांगलीच्या गावभागात राहतात, शाळेत गणित शिकवायचे आणि १९८१ पासून २०१९ पर्यंत, म्हणजे ३८ वर्षं, स्काउट मास्तर होते. त्यातली शेवटची आठ वर्षं तर रिटायर झाल्यावरची. पगार गणिताचा, स्काउटचा एक रुपया नाही, उलट घरातनंच जायचे. दोऱ्या, शिट्ट्या, कुणा पोराकडं स्कार्फला पैसे नाहीत तर तो स्कार्फ. रविवार म्हणून आम्हाला कधी मिळालाच नाही. लोकांचे वडील रविवारी मटण आणायला जायचे, आमचे चाळीस पोरं घेऊन दंडोबाच्या डोंगरावर हाईकला. लहानपणी मला ह्याचा लई राग यायचा, आता खोटं कशाला बोलू.

मटणावरनं आठवलं. आबा पचमढीला मोठ्या ट्रेनिंगला गेलेले, तिथनं पुढं त्यांना हिमालय वुड बॅज मिळाला, म्हणजे चामड्याच्या बारीक दोरीत ओवलेले दोन लाकडी मणी, गळ्यात घालायचे. ते घालून घरी आले तर आजीला वाटलं पोरानं माळ घातली, माळकरी झाला. तिनं दोन आठवडे घरात अंडं सुद्धा शिजवलं नाही. आबांना वाटलं घरात कसलं तरी व्रत आहे म्हणून ते पण गप्प जेवत होते. हा किस्सा आबा प्रत्येक शेकोटीला सांगायचे, जुन्या पोरांना विचारा.

तर असा माणूस. मानाची त्यांना कधी हाव नव्हती असं मी म्हणणार नाही, होती थोडी, कुणाला नसते. चेष्टेत म्हणायचे, स्काउटात सगळ्यात मोठा मान सिल्व्हर एलिफंटचा, आपल्याला हत्ती नको बाबा, हत्ती आपल्या गणपतीलाच शोभतो, पण चांदीचा उंदीर तरी द्या की रे कुणीतरी. आम्ही हसायचो. ते पण हसायचे. पण दर वेळी तोच विनोद करायचे त्यातनं काय ते कळायला पाहिजे होतं आम्हाला.

मग २०१९ चा पूर आला. आबांच्या सगळ्या लॉगबुका, कॅम्पच्या याद्या, कुठल्या पोरानं कधी प्रवेश केला, कधी तृतीय सोपान, म्हणजे स्काउटची तिसरी पायरी, पास झालं, कोण राज्य पुरस्काराला गेलं, सगळं एका पत्र्याच्या पेटीत होतं. ती पेटी त्यांनी अक्कल लावून ठेवलेली, २००५ च्या पुराची खूण भिंतीवर होती तिच्या वर चांगली दोन फूट उंच फळी मारून. २००५ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५३ फुटांच्या वर गेलेलं, त्याहून जास्त काय येणार असा सगळ्या गावभागाचाच हिशोब. आलं ५७ च्या वर. त्या आठवड्यात आबा घरी नव्हतेच, शाळेतल्या पूरग्रस्तांच्या छावणीत भात वाढत होते, वय ६६. परत आलो तेव्हा पेटी उघडली तर आत एकच लगदा, निळी शाई सगळी उतरलेली. आबा काही बोलले नाहीत. एक एक वही उन्हात पसरून ठेवत बसले, पानं चिकटलेली, सोडवायला गेलं की फाटायची. शेवटी दोन कोऱ्या पानांशिवाय काहीच हाताला लागलं नाही.

२०२२ ला पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात गेला, पाय थोडा आला परत, जीभ जड झाली.

त्याच्यानंतर एका समारंभाची गोष्ट. कुठला ते सांगत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. मोठा महोत्सव, मांडव, ढोलताशा, जाडजूड स्मरणिका. पंखे दिलेल्यांचा सत्कार, पाण्याची टाकी दिलेल्याचा सत्कार, एका साहेबांचा तर ते आले म्हणूनच सत्कार. आबांना साधी पत्रिका नाही. आम्ही स्मरणिका मागून आणली, नाव कुठंच नाही, ३८ वर्षांचं नाव नाही. एक फोटो होता स्काउटच्या संचलनाचा, त्यात कडेला अर्धी टोपी दिसत होती. ती टोपी आबांची. फोटो बसवताना कापलेला. आईनं ते पान उघडून बराच वेळ त्या अर्ध्या टोपीवर बोट ठेवलेलं मला अजून दिसतं.

मी हट्टाला पेटले. म्हणलं बघूच आता, निदान सेवेची कुठंतरी नोंद तरी होऊ दे. एका ठिकाणी गेले तर "पुरावा आणा". म्हणलं पुरात गेलं ओ. "मग आम्ही काय करणार, पूर आम्ही आणला काय?" हे वाक्य जसंच्या तसं. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं पुढच्या महिन्यात या, तो पुढचा महिना चार वेळा आला. एकानं तर तोंडावर विचारलं, आता ह्या वयात पदक घेऊन काय करणार ते. मी काय बोलणार? घरी येऊन आबांना खोटंच सांगितलं की काम चालू आहे.

आणि मग तुम्ही आलात ताई. तुम्ही आमच्या नात्यातल्या नाही, शाळेतल्या नाही, पलूस तालुक्यातल्या एका शाळेत गाइड कॅप्टन, म्हणजे मुलींच्या गाइड पथकाच्या बाई, आबांना कधी बघितलेलं पण नाही. कुणाकडनं तरी ऐकलं आणि रविवारच्या दुपारी उन्हाची स्कूटीवरनं गावभागात घर हुडकत आलात. पुढचं सगळं, म्हणजे तुम्ही कुपवाडच्या गॅरेजवाल्यापासनं मिलिटरीतनं रिटायर झालेल्या सुभेदारापर्यंत किती जुनी पोरं शोधलीत, त्यांच्या घरातनं आबांच्या सह्या असलेली कार्डं आणि पुढं पाटीवर साल लिहिलेले कॅम्पचे ग्रुप फोटो कसे गोळा केलेत, किती हेलपाटे घातलेत, ते मी लिहीत बसत नाही, तुम्हालाच आवडायचं नाही. आणि खरं सांगू का, मला सगळ्यात जास्त आठवतं ते ह्यातलं काहीच नाही.

मला आठवतं ते तुम्ही उंबऱ्यातनं आत आलात ते.

झटका आल्यापासनं आमच्याकडं कुणी आलं की एक ठरलेलं व्हायचं. माणूस आत यायचा, आबांकडं बघून उजवा हात पुढं करायचा, मग त्याच्या ध्यानात यायचं, हात तसाच अर्ध्यात थांबायचा, मग तो आबांच्या खांद्यावर नाहीतर खुर्चीच्या दांडीवर जाऊन टेकायचा. चूक कुणाचीच नाही. पण आबा दर वेळी खाली बघायचे. डावा हात चालत होता, पण आपल्याकडं डाव्या हाताला काय किंमत आहे ते सांगायला नको. चहाचा कप डाव्या हातानं घ्यायला पण संकोचायचे, प्रसाद डाव्या हातात कसा घ्यायचा म्हणून गणपतीच्या देवळात जायचं बंद केलेलं, जे देऊळ घरापासनं चालत पाच मिनिटावर आणि तिथं चतुर्थी त्यांनी कधी चुकवलेली नव्हती.

तुम्ही चपला काढल्यात, पर्स खाली ठेवलीत, आबांच्या खुर्चीसमोर सावधानमध्ये उभ्या राहिलात, तीन बोटांचा सॅल्यूट केलात आणि मग डावा हात पुढं केलात. सरळ, काहीच विचार न करता. स्काउट गाइडमध्ये हस्तांदोलन डाव्या हातानंच असतं हे मला माहीत नव्हतं असं नाही, लहानपणी आबांनीच सांगितलेलं की ढाल डाव्या हातात असते, ती खाली ठेवून हात पुढं करायचा म्हणजे तुझ्यावर माझा विश्वास आहे. माहीत होतं आणि तीन वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. मला नाही, माझ्या भावाला नाही, आबांच्या इतक्या जुन्या पोरांना नाही. आणि आबांना स्वतःला पण नाही.

आबांनी बघितलं. एक क्षण तसेच बसले. मग डावा हात आला वर, आणि तो हात धरूनच उठायला लागले. मी धावले तर तुम्ही मानेनंच नको म्हणलात. उभे राहिले ओ ते. आधार धरलेला माणूस उभा राहतो तसे नाही, स्काउट मास्तर उभा राहतो तसे. जड जिभेनं काहीतरी म्हणाले, मला कळलं नाही, तुम्हाला कळलं, तुम्ही म्हणालात "हो सर, तयार", स्काउट गाइडचं ब्रीदच ते. मी स्वयंपाकघरात निघून गेले आणि चहात साखर दोनदा घातली, तुम्ही तो तसाच प्यालात आणि काही बोलला नाहीत, त्याचे पण आभार.

तेव्हा पदक, पत्र, फाइल ह्यातलं काहीच झालेलं नव्हतं. झालं नसतं तरी चाललं असतं असं आता वाटतं. मघाशी इतकं भांडून सांगितलं आणि आता हे म्हणतेय, पण वाटतं खरं. माणसाला मान द्यायला लोक मांडव घालतात, शाली आणतात, नारळ आणतात, आणि ज्याला द्यायचा त्याच्याकडं बघतच नाहीत. तुम्ही आधी बघितलंत. आता बाकीच्यांना एक विनंती, तुमच्या शाळेत पण कुणीतरी असणार असा, स्काउटवाले सर, गाइडच्या बाई, खो-खोच्या पोरांना पहाटे मैदानात पळवणारा शिपाई, त्यांची वर्षं कुठंतरी लिहून ठेवा, ते धड बोलू शकतात तोवर त्यांच्याकडनंच लिहून घ्या, आणि फोटो कापताना कडेला कोण उभं आहे तेवढं बघा.

२२ फेब्रुवारीचा कार्यक्रम छोटाच झाला, साठसत्तर माणसं. ती तारीख तुम्ही मुद्दाम निवडलीत, स्काउट गाइडचा चिंतन दिन, ज्यांनी स्काउट चालू केलं त्या बेडन पॉवेल यांचा जन्मदिवस. त्यांच्या बायकोचा पण वाढदिवस त्याच तारखेला हे आबांनी मला घरी येताना रिक्षात सांगितलं, तीन वेळा, कारण पहिल्या दोन वेळा मला नीट कळलं नाही. रांगेत जुनी पोरं, कुणी टक्कल पडलेलं, कुणी नातवाला घेऊन, आणि एकजात सगळ्यांनी डावा हात पुढं केला. तुम्ही आधी कानात सांगितलेलं होतं का सगळ्यांना? मला शंका आहे. सांगू नका.

आता घरी काय चाललंय ते सांगते. दूधवाला सकाळी पिशवी देतो आणि आबांना डावा हात देतो. फिजिओवाला पोरगा आला की डावा हात. शेजारची पहिलीतली पोरगी शाळेला जाताना रोज खिडकीशी थांबून डावा हात आत घालते, तिच्या आईला वाटलं पोरगी डावखुरी व्हायला लागली. परवा चतुर्थीला आबा देवळात गेले, भावानं रिक्षानं नेलं. गुरुजींनी प्रसाद पुढं केला, आबांनी डावा हात पसरला आणि गुरुजींनी दिला, बास, एवढंच, काही झालं नाही.

चांदीच्या उंदराचा विनोद मात्र बंद झालाय. आता नवीन चालू केलंय, "गाइडवाली कधी येणार?" दिवसातनं दोनदा. शनिवारची शाळा सुटली की या, जेवायलाच या. आईनं तुमच्यासाठी भडंगाचा डबा वेगळा काढून ठेवलाय आणि त्याला आम्हाला हात लावू देत नाही. चहा ह्या वेळी मी करणार नाही.

तुमची,
आबांची थोरली