पुतळा वॉर्डात आणा

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

१६ ऑक्टोबरच्या, म्हणजे ‘वर्ल्ड रिस्टार्ट अ हार्ट डे’च्या आसपास शाळा-कॉलेजांत सीपीआरची, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून त्याला वाचवायच्या पद्धतीची, प्रात्यक्षिकं झाल्याचे फोटो पेपरात येतात. बघून बरं वाटतं. पण दवाखान्यातल्या माणसांना ते येतच असणार, हे सगळे धरून चालतात. मी ३४ वर्षं सरकारी नोकरीत काढली, शेवटची ९ मेडिकल वॉर्डची इनचार्ज म्हणून. तसं नाही, हे सांगायला हे पत्र.

एका नाइटला पहाटे साडेतीनच्या सुमारास आठ नंबरच्या कॉटवरच्या आजोबांचा श्वास थांबला, नाडी लागेना. माझ्याबरोबरची सिस्टर नवी, चणीनं लहान. तिनं हात बरोबर जागी ठेवले आणि दाबायला लागली. आजोबांना बेडसोर होऊ नयेत म्हणून खाली हवेची गादी होती. ही दाबायची तशी गादीच खाली जायची, छाती होती तिथंच. किमान ५ सेंटिमीटर दाबायचं, ६ च्या पुढे जायचं नाही, हे तिला पाठ होतं. मलाही होतं. त्या गादीला झटकन हवा सोडायची एक पट्टी असते, तिच्यावर ‘सीपीआर’ असं ठळक छापलेलं असतं. रोज चादर घालताना आम्हीच ती पट्टी आत खोचत होतो. पाठीखाली घालायची फळी कपाटामागे. चढायला स्टूल नाही, शेवटी ती पोरगी कॉटवरच गुडघे टेकून बसली.

आजोबा गेले. वय ८१, दुखणं जुनं, कदाचित गेलेच असते. पण तेवढं म्हणून मला अजून सुटता आलेलं नाही.

ट्रेनिंग होत नाही असं नाही. वर्षातून एकदा, सभागृहात, साठ माणसांत छाती दाबायच्या सरावाचा एक पुतळा. स्लाइड्स, चहा, ग्रुप फोटो. पुतळ्याला हात लागतात ते पुढच्या रांगेतल्या सात-आठ जणींचे. तोही टणक फरशीवर. आमचे पेशंट काय फरशीवर असतात? (गर्दीच्या दिवसांत असतात म्हणा, तो वेगळ्या पत्राचा विषय.) हातात बसलेलं तीन ते सहा महिन्यांत उतरायला लागतं, ट्रेनिंग झाल्याचं कार्ड मात्र दोन वर्षं चालतं.

माझं मागणं एवढंच की दर तीन महिन्यांनी पुतळा वॉर्डात आणा. रिकाम्या कॉटवर, त्याच गादीवर झोपवा आणि ड्यूटीवरच्या प्रत्येकीला दोन मिनिटं दाबू द्या. नाइटवाल्यांनाही, त्यांना नेहमी वगळतात. दोन मिनिटं अशासाठी की तेवढ्यानं माणूस बदलायचाच असतो. दमला की दाब उथळ होतो आणि दाबणाऱ्याला ते कळत नाही. वेग मिनिटाला १०० ते १२० हवा. घाबरलेला माणूस १४० वर जातो आणि छाती पुरती वर येऊच देत नाही. मग हृदयात रक्त भरणार कधी? हे शेजारी उभं राहून कुणीतरी मोठ्यानं मोजल्याशिवाय सुधारत नाही.

आणि मावशी, वॉर्डबॉय यांना बाहेर उभं करू नका. त्या रात्री डॉक्टर येईपर्यंत आम्ही दोघी सिस्टर आणि एक मावशी. मावशींच्या हातात आमच्या दोघींपेक्षा जास्त जोर, पण त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. त्या फोन करून आल्या आणि पडद्याजवळ उभ्या राहिल्या. ‘इंडियन रिससिटेशन कौन्सिल’नं सामान्य माणसासाठी नुसती छाती दाबायची पद्धत आखून दिली आहे. मावशींना तेवढी आली असती तरी आम्हाला तिसरा माणूस मिळाला असता.

खर्चाचं कारण सांगू नका. पुतळा आहे. मी रिटायर झाले तेव्हा तो स्टोअरमध्ये प्लास्टिकसकट ठेवलेला होता आणि किल्ली ज्यांच्याकडे ते पाचला घरी जायचे. तो बाहेर काढणार असाल तर मलाही बोलवा. गुडघे गेलेत, दाबणं जमायचं नाही, पण शेजारी उभी राहून मोजीन.

– एक निवृत्त इनचार्ज सिस्टर, सांगली
(नाव छापू नये, ही विनंती.)