उत्तरं कोणी तपासली?

मा. संपादक,

कालच्या विद्यार्थी पुरवणीत इंग्रजीच्या इनडायरेक्ट स्पीच (दुसऱ्याचं बोलणं आपल्या वाक्यात सांगणं) आणि पॅसिव्ह व्हॉइसचा (कर्मणी प्रयोगाचा) जो सराव छापलाय तो कोणी एकदा स्वतः सोडवून बघितला होता का, एवढंच विचारायला हे पत्र लिहितेय. कालच लिहिणार होते, पण काल लिहिलं असतं तर ते छापण्यासारखं राहिलं नसतं.

आमची भाची तो सराव घेऊन बसली होती. वाक्य असं, मोहन सेड, "आय विल कम टुमॉरो." तिने लिहिलं, मोहन सेड दॅट ही वूड कम टुमॉरो. तुमच्या उत्तरात टुमॉरोच्या जागी 'द नेक्स्ट डे', म्हणजे हिचं चूक. ती म्हणाली, मावशी, मोहन सकाळी बोलला आणि मी दुपारी सांगतेय, मग उद्या म्हणजे उद्याच ना? आता यावर मी काय बोलणार, बरोबरच आहे तिचं. टुमॉरोचं नेक्स्ट डे आणि हिअरचं देअर कधी करायचं, तर सांगणारा दुसऱ्या दिवशी किंवा दुसऱ्या जागी असेल तेव्हा. तो कधी आणि कुठून सांगतोय हे वाक्यात दिलेलंच नाही, तर एकच उत्तर बरोबर कसं? पण तक्ता पाठ करायचा म्हटलं की असले प्रश्न पडायचेच नसतात.

खरी अडचण वेगळीच आहे आणि ती या सरावांमधे कुठेच येत नाही. आपण मराठीत 'तो म्हणाला की मी दमलोय' असं बिनधास्त सांगतो, त्याचा 'मी' तसाच, काळ तसाच, मधे एक 'की' टाकला की झालं काम. इंग्रजीत त्या 'मी'चा 'तो' करावा लागतो, क्रियापदाचा काळ एक पायरी मागे न्यावा लागतो, आणि पृथ्वी सूर्याभोवती फिरते असलं कायम खरं असणारं काही असेल तर मागे नाही नेला तरी चालतो. मुलं अडखळतात ती इथे. हे दोन ओळींत समजावून सांगितलं असतं तर पुरवणीचे उपकार झाले असते. त्याऐवजी काय, तर 'हुर्रे'चं 'एक्सक्लेम्ड विथ जॉय' करा. इंग्रजी पेपरात कोणी कर्णधार सामना जिंकल्यावर 'एक्सक्लेम्ड विथ जॉय' केल्याचं मी तरी वाचलेलं नाही, तिथे सगळे बिचारे नुसतं 'सेड' करतात.

पॅसिव्हचा भाग बघितल्यावर तर माझं डोकंच फिरलं, कारण प्रश्न तोच. हू टॉट यू ग्रामर? चेंज द व्हॉइस. शाळेत असताना याच प्रश्नाला मी 'हू वेअर यू टॉट ग्रामर बाय?' लिहिलं होतं आणि सरांनी त्यावर लाल पेनाने एवढी मोठी फुली मारली की कागद फाटला. वर वही सगळ्या वर्गाला दाखवली, की बघा, बाय शेवटी लटकवलाय. बाय आधीच यायला पाहिजे, बाय हूम वेअर यू टॉट ग्रामर, बाकी सगळं चूक. पुढे इंग्रजीतच नोकरी केली तेव्हा कळलं की बोलताना लोक बाय शेवटीच टाकतात, 'बाय हूम'ने कोणी बोलायला सुरुवात केली तर ऐकणारा सावरून बसेल. आणि या वाक्याला दोन कर्मं आहेत, यू आणि ग्रामर, त्यामुळे बाय हूम वॉज ग्रामर टॉट टू यू हेही बरोबर, हू वॉज ग्रामर टॉट टू यू बाय हे कानाला जरा जड पण तेही चालतं. म्हणजे एका प्रश्नाला चार उत्तरं. सरांनी एक धरलं, काल तुम्हीही तेच एक छापलंत, मधे इतकी वर्षं गेली तरी उत्तर जागचं हललेलं नाही. भाचीने यूऐवजी ग्रामर पुढे घेतलं होतं, तिचंही चूक. (सर भले माणूस होते, पण ती फुली मी विसरलेले नाही.)

त्याच्याच खाली 'ही रिझेम्बल्स हिज फादर'. उत्तर, हिज फादर इज रिझेम्बल्ड बाय हिम. अहो, रिझेम्बल, लॅक आणि मालकीच्या अर्थाचा हॅव, यांचं पॅसिव्ह होत नाही, हे शाळेच्या साध्या व्याकरणाच्या पुस्तकातही अपवाद म्हणून दिलेलं असतं. उद्या 'अ पेन इज हॅड बाय मी' पण छापाल. 'ओपन द डोअर'चं 'लेट द डोअर बी ओपन्ड' मी सोडून देते, ते परीक्षेत मागतात म्हणून छापलंत असं समजू, पण असं म्हणून दार उघडायला सांगणारा माणूस मला एकदा भेटायचाय.

पॅसिव्ह कशासाठी असतं हे मात्र अख्ख्या पानात कुठे नाही. प्रयोगवहीत 'द सोल्यूशन वॉज हीटेड' लिहितात कारण द्रावण कोणी तापवलं याच्याशी कोणाला देणंघेणं नसतं. चोरी झाली तर 'द कार वॉज स्टोलन', चोर कोण ते माहीतच नाही. आणि कधीकधी माहीत असतं पण सांगायचं नसतं. 1987 साली अमेरिकेचे अध्यक्ष रेगन इराणला गुपचूप शस्त्रं विकल्याच्या प्रकरणावर त्यांच्या काँग्रेससमोर, म्हणजे संसदेसमोर, बोलताना 'सीरियस मिस्टेक्स वेअर मेड' म्हणाले, चुका झाल्या, केल्या कोणी ते त्या वाक्यात नाहीच. हे एक उदाहरण दिलं असतं तरी मुलांना पॅसिव्ह कळलं असतं, आणि पुढे पेपर वाचतानाही उपयोगी पडलं असतं. पण प्रत्येक उत्तराच्या शेपटीला बाय अमुक, बाय तमुक असलंच पाहिजे असा तुमचा आग्रह, जेव्हा की खऱ्या वापरात बहुतेक वेळा तो बाय गाळण्यासाठीच पॅसिव्ह वापरतात.

तरी विनंती अशी की रिझेम्बलचं उत्तर आणि टुमॉरोचं उत्तर, दोन्हींची दुरुस्ती पुढच्या अंकात छापावी. मुलं तुमचं छापील उत्तर प्रमाण मानतात, मावशीचं मानत नाहीत. आणि दुरुस्ती छापताना कृपा करून 'अनवधानाने चूक राहून गेली' असं लिहू नये, ज्यांनी उत्तरं तयार केली त्यांनीच ती चूक केली असं कर्त्यासकट लिहावं.

आपली,
एक नियमित वाचक

ता. क. उत्तरं पानाच्या तळाला बारीक अक्षरात उलटी छापायची पद्धत कागदावर ठीक होती. हल्ली आम्ही पेपर मोबाईलवर वाचतो. फोन उलटा केला की पानही त्याच्याबरोबर फिरतं आणि उत्तरं परत उलटीच दिसतात. शेवटी भाचीने स्क्रीनशॉट काढून तो फिरवला. शब्दकोड्याचंही तसंच आहे.