नव्या आवृत्तीत मोठ्या मराठी फाइलींची पाने सरकतात : तक्रार आणि लेखी खुलाशाची मागणी

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक,
वर्ड प्रोसेसर विभाग

विषय : अपग्रेडनंतर मोठ्या दस्तऐवजांची पृष्ठरचना बदलणे व त्याची पूर्वसूचना न मिळणे

महोदय,

आम्ही कोल्हापुरात राजारामपुरी भागात डीटीपीची कामे करणारे आपले परवानाधारक ग्राहक आहोत. शिवाजी विद्यापीठाचे पीएच.डी. प्रबंध, साखर कारखान्यांचे वार्षिक अहवाल आणि ऑगस्ट २०२५ मध्ये इथे उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्यापासून पेपरबुकं (न्यायालयात दाखल करायच्या कागदपत्रांचे पान क्रमांक घातलेले संच), ही आमची मुख्य कामे. या सगळ्यांत पान क्रमांक हलून चालत नाही. जुन्या आवृत्तीचा सपोर्ट संपल्याने आपले विक्रेते अपग्रेडचा आग्रह धरतात, म्हणून एका यंत्रावर नवी आवृत्ती घेतली. बाकीच्या यंत्रांवर घ्यावी की नाही, हे ठरवायला लागणारी माहिती आपल्याकडून मिळत नाही, ही तक्रार आहे.

वेगाबद्दल काही म्हणणे नाही. चित्रे आणि तक्ते असलेली मोठी फाइल नव्या आवृत्तीत लवकर उघडते, हे मान्य. अडचण पानांची आहे. जुन्या आवृत्तीत ४०० पाने भरणारा प्रबंध नव्या आवृत्तीत ४१४ पानांचा होतो. मजकुरात एका अक्षराचाही बदल नसतो. फाइलीत नमूद असलेला देवनागरी फॉन्ट नव्या आवृत्तीच्या यंत्रावर नसला की सॉफ्टवेअर त्याच्या जागी दुसरा फॉन्ट लावते. वेलांटी, रफार, उकार यांना वरखाली जागा लागते आणि ती प्रत्येक फॉन्टमध्ये वेगवेगळी धरलेली असते. ओळींतले अंतर ‘सिंगल’ असेल, तर ओळीची उंची फॉन्टवरूनच ठरते. मग ३० ओळींच्या पानावर २९ ओळी मावतात. पानामागे एक ओळ म्हणजे ४०० पानांना ४०० ओळी, आणि तेवढ्यांना साधारण १४ जास्तीची पाने. हा बदल करताना सॉफ्टवेअर पडद्यावर एकही सूचना दाखवत नाही. आमचा मुख्य आक्षेप यावर आहे.

शीर्षक शैलींवरून केलेली अनुक्रमणिका अपडेट केली की सुधारते. पण मजकुरात हाताने टाइप केलेले ‘पान १८७ पहा’ तसेच राहते. पेपरबुकाच्या निर्देशांकातले आकडेही हातानेच घातलेले असतात. तिथे एक पान सरकले तरी पुढचा सगळा निर्देशांक चुकतो आणि संच पुन्हा छापावा लागतो.

आपल्या मदत केंद्राने ‘ओळींचे अंतर एक्झॅक्टली करा’, म्हणजे फॉन्ट कोणताही असो, अंतर ठरावीक मापाचे ठेवा, असा सल्ला दिला. नव्या फाइलीसाठी तो बरोबर आहे. १४ पॉइंट अक्षराला २२ पॉइंट अंतर बांधून दिले आणि फॉन्ट फाइलीतच एम्बेड केला (साठवून दिला), तर पाने बऱ्याच अंशी स्थिर राहतात. पण जुन्या फाइली अनेक हातांतून आलेल्या असतात. नवे प्रकरण नव्या पानावर नेण्यासाठी पेज ब्रेक न देता एंटर मारत गेलेले असते, तक्ते स्पेस देऊन जुळवलेले असतात. अशा ठिकाणी अंतर बांधले की रिकाम्या ओळी भलत्या जागी येतात आणि पान न पान हाताने पाहावे लागते. शिवाय शैलीत अक्षराचा आकार बदलला तर फक्त इंग्रजी मजकूर बदलतो, कारण देवनागरीचा आकार ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ (जोडाक्षरे आणि मात्रा असलेल्या लिप्या) या वेगळ्या रकान्यात असतो. हे मदत केंद्रातल्या प्रतिनिधींनाच ठाऊक नव्हते.

शोध आणि शब्दसूचीचे प्रश्न नव्या आवृत्तीतही तसेच आहेत. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला ठरावीक आकडा देणाऱ्या पद्धतीत) दोन प्रकारे लिहिला जातो : नुक्त्याच्या ऱ ला हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह देऊन. दिसायला दोन्ही सारखेच. शोध मात्र त्यांतला एकच सापडवतो, म्हणून ‘सगळे बदला’ ही आज्ञा निम्मे शब्द सोडून देते. शब्दसूचीत ळ हे अक्षर ल च्या लगेच पुढे येते आणि क्ष क मध्ये मिसळतो, कारण क्रम युनिकोडच्या आकड्यांवरून लावला जातो. मराठी वर्णक्रमात ळ, क्ष, ज्ञ हे ह च्या नंतर येतात. प्रबंधाची सूची त्यामुळे हाताने लावावी लागते. मग या बाबतीत नव्या आवृत्तीचे पैसे कशासाठी मोजायचे?

सर्वांत गैरसोयीची बाब म्हणजे इन्स्टॉलर जुनी आवृत्ती काढून टाकतो. फाइल नव्या स्वरूपात सेव्ह झाली की जुन्या पृष्ठरचनेचे नियम गळून पडतात आणि परत जायला वाट उरत नाही. कामाच्या यंत्रावर हे परवडणारे नाही. कारखान्यांचे अहवाल वार्षिक सभेच्या तारखेला बांधलेले असतात, ती तारीख आमच्यासाठी थांबत नाही.

तरी दोन्ही आवृत्त्या एकाच यंत्रावर शेजारी शेजारी चालतील अशी सोय करून द्यावी. फॉन्ट बदलला जात असेल तेव्हा फाइल उघडतानाच मूळ आणि बदली फॉन्टची नावे दाखवावीत. जुनी फाइल आपणहून नव्या स्वरूपात सेव्ह होऊ नये. ओळी आणि पाने तोडण्याच्या नियमांत या आवृत्तीत नेमके काय बदलले, ते लेखी कळवावे. हे शक्य नसल्यास घेतलेल्या परवान्याची रक्कम परत करून जुनी आवृत्ती पुन्हा सक्रिय करून द्यावी.

पडताळणीसाठी एक प्रबंध, एक अहवाल आणि एक पेपरबुक यांच्या दोन्ही आवृत्त्यांतून, एकाच प्रिंटर ड्रायव्हरवर काढलेल्या पीडीएफ सोबत देत आहोत. प्रत्येक प्रकरणाचे पहिले पान आणि फाइलीचे शेवटचे पान ताडून पाहिले तरी फरक लक्षात येईल. ग्राहकांची नावे व मजकुरातील खासगी तपशील झाकले आहेत.

उरलेल्या यंत्रांवरचे अपग्रेड आम्ही थांबवले आहे. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागू.

आपले,
परवानाधारक ग्राहक
राजारामपुरी, कोल्हापूर

सोबत : सहा पीडीएफ फाइली, खरेदीच्या पावतीची प्रत